कल्पित जगात 'तू' कोण आणि 'तुम्ही' कोण

गेल्या आठ महिन्यांत तुम्ही इंग्रजीतील पाच फँटसी कादंबऱ्या वाचल्यात आणि प्रत्येकीविषयी तुमचे मत निराळे झाले. अर्सुला के. ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आकाराने लहान असूनही मनातून जात नाही, असे तुम्ही लिहिता. एन. के. जेमिसिन यांच्या 'द फिफ्थ सीझन'ने तुम्हाला हलवून सोडले, पण तिच्यातील बराचसा भाग 'यू' म्हणत, जणू वाचकालाच उद्देशून का लिहिला आहे, हे शेवटपर्यंत खटकत राहिले. सुझॅना क्लार्क यांची 'पिरानेसी' पहिल्या पन्नास पानांत दोनदा बाजूला ठेवलीत आणि तिसऱ्या वेळी एका रात्रीत संपवलीत. टोल्किन यांचे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आदराने वाचलेत, परंतु त्यातली माणसे फार पुस्तकी बोलतात असे वाटले. पाचवी कादंबरी एका मोठ्या मालिकेचा पहिला खंड. तिला नकाशा, वंशावळ, शब्दसूची सगळे होते. ती निम्म्यावर सुटली आणि आठवड्याभरात नायकाचे नावही आठवेना. यात उणीव वाचकाची की पुस्तकांची, आणि कल्पित जग 'खरे वाटते' म्हणजे नेमके काय होते, हा तुमचा प्रश्न.

मी चोवीस वर्षे इंग्रजी कथासाहित्याचे मराठी भाषांतर आणि इतरांनी केलेल्या भाषांतरांचे संपादन करत आले आहे. त्यामुळे माझे उत्तर भाषांतरकाराच्या टेबलावरून येते. समीक्षक कदाचित दुसरीकडून सुरुवात करील. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे आणि ती मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा अधिक सहज जमते, असे माझे मत आहे. कादंबरीतला कोणताही एक संवाद घ्यावा आणि तो मनातल्या मनात मराठीत करून पाहावा. करताना पहिल्याच वाक्याला अडचण येते: कोण कोणाला 'तू' म्हणेल, कोण 'तुम्ही' म्हणेल आणि 'आपण' कोणाच्या वाट्याला जाईल? इंग्रजीने 'यू' या एका शब्दाखाली हे सारे झाकून ठेवलेले असते. मराठीत ते झाकता येत नाही. लेखकाने समाज खरोखर उभा केला असेल, तर उत्तर चटकन सापडते, कित्येकदा ते सापडताना त्या दोन माणसांचे सारे नाते उलगडते. नुसता नकाशा काढला असेल, तर उत्तर सापडतच नाही. कोणीही कोणालाही काहीही म्हटले तरी फरक पडत नाही.

तुमच्या पाचव्या कादंबरीचे मला वाटते हेच झाले असावे. तुम्ही तिच्यातील एक संवाद उतरवून पाठवला आहे. त्यात राजा, त्याचा घोडेवान आणि परदेशी दूत असे तिघे बोलतात. मी तो दोनदा मराठीत करून पाहिला. तिघांच्याही तोंडी एकाच शहरातल्या, एकाच वयाच्या, एकाच कचेरीतल्या माणसांची भाषा आहे. घोडेवानाची वाक्ये राजाला दिली तरी प्रसंग तसाच राहतो. ले ग्विन यांनी १९७३च्या एका निबंधात हाच दोष दाखवला होता. एका फँटसी कादंबरीतला दरबारी संवाद घेऊन त्यांनी त्यातले चार-दोन शब्द बदलले आणि तो वॉशिंग्टनमधल्या राजकारण्यांचा संवाद म्हणून बिनतक्रार चालतो, हे सिद्ध केले. असा संवाद चालत असेल, तर ते जग मुळात परके नव्हतेच. आपल्या रोजच्या जगाला फक्त वेष चढवला होता. तेव्हा नाव विसरल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. त्या नावामागे उच्चारापलीकडे काही नव्हते, म्हणून ते राहिले नाही. पुस्तक सोडलेत ते योग्य केलेत.

टोल्किन यांच्याविषयी मात्र मला तुमच्याशी सविस्तर बोलायचे आहे, कारण 'पुस्तकी' हा शब्द मला बोचला. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत तीन खंडांत आले, आणि त्याचे लेखक व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ, ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. आपले पुस्तक हे मुळात दुसऱ्याच भाषेतल्या एका हस्तलिखिताचे इंग्रजी भाषांतर आहे, अशी त्यांची बतावणी आहे, आणि ती त्यांनी शेवटपर्यंत इमानाने पाळली. कथेच्या शेवटी जी परिशिष्टे आहेत, त्यांतले भाषांविषयीचे परिशिष्ट बहुतेक वाचक उघडतही नाहीत. तुम्हीही ते सोडले असावे. त्यात टोल्किन सांगतात, की कथेतल्या पश्चिमेकडच्या सामाईक बोलीत सर्वनामांची दोन रूपे होती, एक सलगीचे आणि एक आदराचे. म्हणजे थेट आपले 'तू' आणि 'तुम्ही'. मात्र शायर या प्रदेशातल्या हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या रोजच्या बोलण्यातून आदराचे रूप गळून गेले होते. आता पिपिन आठवा. हा तरुण हॉबिट मिनास टिरिथसारख्या प्राचीन, शिस्तीच्या नगरात जातो आणि पहिले काही दिवस लहानमोठ्या सर्वांना 'तू' म्हणत सुटतो, अगदी राज्य चालवणाऱ्या वृद्ध डेनेथोरलासुद्धा. टोल्किन म्हणतात, डेनेथोरला कदाचित गंमत वाटली असेल, पण त्याचे सेवक थक्क झाले असतील. आणि हा परदेशी पोरगा आपल्या देशातला फार मोठा माणूस असला पाहिजे, अशी जी अफवा नगरात पसरली, तिला या 'तू'नेच हातभार लावला असेल.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले होते. इंग्रजी वाचकाला हा सगळा प्रसंग परिशिष्टातून समजावून सांगावा लागतो, कारण इंग्रजी पानावर तो दिसूच शकत नाही. मराठीत तो एका सर्वनामात उतरतो. विदर्भातून किंवा कोल्हापूरच्या बाजूने पुण्यात शिकायला आलेल्या मुलाने सवयीने वडीलधाऱ्यांना अरे-तुरे केले म्हणजे काय होते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. त्याच परिशिष्टात आणखी एक वाक्य आहे, ते मला त्याहूनही प्रिय आहे. आदराची ती रूपे शायरमधल्या काही खेड्यांत उरली होती, पण तिथले लोक ती लाडाने वापरत. मराठी घरात दोन वर्षांच्या पोराला 'या राजे, बसा, जेवून घ्या' असे म्हणतात ना, तसे. ज्याने स्वतःच्या कानांनी माणसे ऐकली आहेत, त्यालाच असले काही सुचते.

आता 'पुस्तकी' बोलण्याचे उदाहरण म्हणून तुम्ही दिलेला, राजघराण्यातली एओविन आणि राजपदाचा वारस अ‍ॅरॅगॉर्न यांचा प्रसंग घेऊ. अ‍ॅरॅगॉर्न 'मृतांची वाट' म्हणतात त्या जीवघेण्या मार्गाने जायला निघतो आणि आपल्यालाही बरोबर ने, म्हणून एओविन त्याला विनवते. तिथे ती 'यू' सोडून 'दाऊ' आणि 'दी' म्हणू लागते. आजच्या वाचकाला हे शब्द भारदस्त, पोथीतले वाटतात. मूळ अर्थाने ते 'तू' आणि 'तुला' आहेत, सलगीचे. म्हणजे भर तळावर, लोकांसमोर, राजघराण्यातली ती मुलगी एका परक्या पुरुषाला 'तू' म्हणते, आणि तो तिला उत्तर देताना आदराचेच रूप ठेवतो. त्याचा नकार त्या एका सर्वनामात आहे. पुढे तिचे लग्न दुसऱ्याशी ठरते, ती सुखी होते, तेव्हा अ‍ॅरॅगॉर्न पहिल्यांदा तिला 'दी' म्हणून शुभेच्छा देतो. आता तो धोका उरलेला नाही, म्हणून आता ती सलगी तो देऊ शकतो. तुम्हाला जे पुस्तकी वाटले, ते साऱ्या खंडांतले सर्वांत उघडेवाघडे बोलणे आहे. ते प्रसंग मराठीत 'तू' आणि 'तुम्ही' घालून पुन्हा वाचून पाहा, एवढीच विनंती.

भाषांतराच्या व्यवसायातली एक गोष्ट इथेच सांगते. टोल्किन यांना आपल्या पुस्तकाची डच आणि स्वीडिश भाषांतरे पाहून इतका मनस्ताप झाला, की पुढच्या भाषांतरकारांसाठी त्यांनी नावांची एक मार्गदर्शिका लिहून ठेवली. ती १९७५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापली गेली. कोणते नाव अर्थाने भाषांतरित करावे आणि कोणते आहे तसे ठेवावे, हे त्यात एकेक नाव घेऊन सांगितले आहे. मी तरुणपणी ती वाचली आणि नावाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. मेरियाडॉक हे एका हॉबिटचे नावसुद्धा, त्यांच्या मते, कालिमाक या मूळ नावाचे त्यांनी केलेले भाषांतर होते. नावामागे जेव्हा इतकी भाषा असते, तेव्हा वाचक ते विसरत नाही.

'द फिफ्थ सीझन'कडे वळू. २०१५मध्ये आलेल्या या कादंबरीला आणि तिच्या पुढच्या दोन भागांना ओळीने तीन वर्षे, २०१६ ते २०१८, विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा ह्युगो पुरस्कार मिळाला. हे पूर्वी कोणत्याही लेखकाच्या बाबतीत घडले नव्हते. तुमची तक्रार द्वितीय पुरुषाविषयी आहे. एसुन या मध्यमवयीन बाईच्या लहान मुलाला त्याच्या बापानेच ठार मारले आहे आणि तो मुलीला घेऊन निघून गेला आहे. तिचे सारे प्रकरण 'यू'ने लिहिले आहे. 'लेखिका मला का सांगते, की मी मुलापाशी बसले आहे?' असे तुम्ही विचारता.

दोन वर्षांपूर्वी एका भाषांतर कार्यशाळेत मी या प्रकरणातला एक परिच्छेद मराठीत करायला दिला होता. बहुतेकांनी 'तुम्ही' घातले. त्यांचा तर्क तुमच्यासारखाच होता, की लेखिका वाचकाशी बोलते आहे आणि वाचकाला अहो-जाहो करावे. मोठ्याने वाचल्यावर तो परिच्छेद सरकारी सूचनापत्रासारखा ऐकू आला. मग एका मुलीने 'तू' घालून केलेला मसुदा वाचला: तू बसली आहेस, तू त्याला पांघरूण घातले आहेस. वर्गात कोणी बोलेना. मराठीत 'तू' मुलाला म्हणतात, मित्राला म्हणतात, आईला म्हणतात, देवाला म्हणतात; आणि एकांतात माणूस स्वतःशी बोलतो तेव्हा स्वतःलाही 'तू'च म्हणतो. एसुनचे मन या घटनेने दुभंगले आहे. तिला 'मी' म्हणण्याचे बळ उरलेले नाही. म्हणून दुसरे कोणीतरी तिला तिची गोष्ट सांगते आहे, आणि त्रयी पुढे सरकते तसे कळते, की सांगणारा तिच्यावर जीव असलेला आहे. आणखी एक बाब पाहा. 'बसली आहेस' म्हणताच मराठी क्रियापदाने ती बाई असल्याचे सांगून टाकले. ते 'यू' वाचकासाठी नव्हतेच, ही गोष्ट इंग्रजीत हळूहळू उमगते, मराठीत पहिल्या क्रियापदालाच उमगते. मीही या उत्तराच्या दुसऱ्याच परिच्छेदात 'करत आले आहे' असे लिहिले आणि तुम्हाला माझ्याविषयी तेवढे कळले. इंग्रजीत लिहिते तर कळले नसते. भाषांतरकाराला याचा तोटाही होतो, कारण लेखिकेने जपून ठेवलेले रहस्य आपल्या व्याकरणातून निसटण्याची भीती असते. या कादंबरीत आळीपाळीने तीन स्त्रियांच्या तीन गोष्टी येतात. त्यांचे पुढे काय होते, हे तुम्ही वाचले आहे, तेव्हा मी काय म्हणते ते लक्षात येईल.

याच कादंबरीतली नावे पाहा. त्या जगात माणसाच्या नावाला तीन घटक असतात: स्वतःचे नाव, समाजाने ठरवलेला त्याचा उपयोग, आणि त्याच्या वस्तीचे नाव. उपयोगाचे ते वर्ग जन्माने येतात; कोणी कष्टाचे, कोणी चिवट, कोणी प्रजननाचे, कोणी नेतृत्वाचे. महाराष्ट्रात 'पूर्ण नाव काय?' या साध्या प्रश्नातून पुष्कळदा दुसरेच काही विचारले जाते, हे ज्याला माहीत आहे, त्याला जेमिसिन यांचे हे नावांचे शास्त्र कळायला शब्दसूची लागत नाही. भूकंप काबूत ठेवणारे ऑरोजीन ज्या संस्थेत प्रशिक्षित होतात, तिथे त्यांना दगडांची नावे घ्यावी लागतात: सायनाइट, अलाबास्टर, फेल्डस्पार. आणि लोक त्यांना 'रोगा' ही शिवी देतात. अलाबास्टर तो शब्द मुद्दाम स्वतःसाठी वापरतो तेव्हा सायनाइट दचकते. पुढे इक्का नावाची एक वस्तीप्रमुख आपली ओळख करून देताना उपयोगाच्या वर्गाच्या जागी हाच शब्द ठेवते: इक्का रोगा कॅस्ट्रिमा. सबंध कादंबरीतल्या भूकंपांपेक्षा मला हे तीन शब्द अधिक हादरवून गेले. जमीन हलणे आणि नावातला एक घटक हलणे, या दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात इतक्या जवळ ठेवणे, हे फार वरच्या दर्जाचे काम आहे.

'पिरानेसी'च्या बाबतीत माझी कसोटी थोडी अडखळते, कारण तिथे बोलायला माणसेच नाहीत. २०२०मध्ये आलेली ही कादंबरी क्लार्क यांच्या पहिल्या कादंबरीनंतर सोळा वर्षांनी प्रसिद्ध झाली. मधली अनेक वर्षे त्या दीर्घ आजारात होत्या. नाव घेतले आहे ते जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी या अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराचे, ज्याने जिने, कमानी आणि साखळदंडांनी भरलेल्या काल्पनिक तुरुंगांची कोरीव चित्रे केली. कथेतला निवेदक अनंत दालनांच्या, पुतळ्यांनी भरलेल्या एका घरात राहतो. खालच्या मजल्यांवर समुद्राच्या लाटा येतात, वरच्या मजल्यांवर ढग असतात, आणि तो रोजनिशी लिहितो. तुम्ही पुस्तक दोनदा ठेवलेत याचे कारण, मला वाटते, तुम्ही कोणीतरी हे घर काय आहे ते सांगेल म्हणून वाट पाहत होतात. निवेदक ते सांगत नाही, कारण त्याला ते विचित्र वाटतच नाही. ज्या क्षणी तुम्ही वाट पाहणे सोडलेत, त्या क्षणी पुस्तक सुरू झाले.

भाषांतरकार म्हणून या पुस्तकाने मला सर्वांत जास्त झोप गमवायला लावली, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. निवेदक घर, दालन, पुतळा, भरती हे शब्द इंग्रजीत मोठ्या अक्षराने लिहितो. ती त्याची भक्ती आहे. कोणताही खुलासा न करता केवळ अक्षराच्या आकाराने तो नमस्कार करतो. देवनागरीत मोठे अक्षर नाही. मग नमस्कार कसा करायचा? ठळक छापणे ओरडल्यासारखे होते. अवतरणचिन्हे लावली तर शंका घेतल्यासारखे दिसते. शेवटी मी स्वतःच्या सरावासाठी केलेल्या मसुद्यात 'घर' काढून 'वास्तू' हा शब्द घेतला. वास्तू ऐकत असते, वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून घरात अभद्र बोलू नये, असे आपल्याकडच्या आज्या सांगत आल्या आहेत. त्या एका शब्दात निवेदकाचा सारा भाव आहे: हे घर जिवंत आहे, दयाळू आहे आणि ते मला सांभाळते. अडचण एवढीच, की आजच्या वाचकाला 'वास्तू' म्हटले की स्वयंपाकघराची दिशा आठवते. तरीही तोच शब्द बरोबर आहे, असे माझे ठाम मत आहे. दहा पानांत वाचक तो नवा अर्थ विसरतो आणि जुना अर्थ जागा होतो.

याच रोजनिशीत वर्षांना आकडे नाहीत, घटनांची नावे आहेत. नैर्ऋत्येकडच्या दालनांत अल्बट्रॉस पक्षी आला ते वर्ष, अशी. इंग्रजी वाचकांना हे काव्यमय वाटते. माझ्या आजोळी वयाचा हिशेब असाच चाले: हा प्लेगच्या साली झाला, ती पानशेतच्या पुरानंतर दोन महिन्यांनी, धाकटा बहात्तरच्या दुष्काळात. ज्या माणसाला आकड्यांचे पंचांग नाही, त्याच्यापाशी सोसलेल्याचे किंवा पाहिलेल्याचे पंचांग असते. निवेदकाचे एकाकीपण मला त्या वर्षांच्या नावांतून कळले, कारण त्याच्या वर्षाला नाव देणारी सर्वांत मोठी घटना म्हणजे एक पक्षी आला, ही आहे.

आणि तरीसुद्धा कसोटी तिथेही एकदा लागते. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्याला एक दुसरा माणूस भेटतो. इंग्रजीत दोघेही एकमेकांना 'यू' म्हणतात आणि निवेदक त्याला मित्र समजतो. मराठीत मात्र पहिल्याच भेटीत उघड होते: तो दुसरा याला 'तू' म्हणणार आणि हा त्याला 'तुम्ही'. मैत्री एका बाजूची आहे, हे निवेदकाच्या कितीतरी आधी मराठी वाचकाला कळेल. ते रहस्य राखण्यासाठी दोघांनाही 'तू' द्यावे की खरे तेच लिहावे, याचा निर्णय मी अजून केलेला नाही.

'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ची आहे. तुमच्या मनात ती का राहिली, याचे उत्तर तुम्हीच अर्धे दिले आहे: 'नावांमुळे' असे तुम्ही लिहिले आहे. गोंट बेटावर शेळ्या राखणारा दूनी नावाचा एक आईवेगळा मुलगा. मावशी शेळ्यांना हाक मारताना जे शब्द म्हणते ते तो ऐकतो आणि अर्थ न कळता म्हणतो; शेळ्या त्याच्याभोवती दाटून येतात आणि त्याला सोडतच नाहीत. शब्दाला सामर्थ्य आहे, पण ते कसे थांबवायचे ते म्हणणाऱ्याला माहीत नाही: साऱ्या कादंबरीचे बीज त्या शेळ्यांच्या कळपात आहे. तेरा वर्षांचा होताना तो थंड झऱ्यातून चालत पलीकडे जातो आणि तिथे ओजियन हा जादूगार त्याचा दंड धरून त्याचे खरे नाव त्याच्या कानात पुटपुटतो: गेड. त्याआधी मावशीने त्याचे लहानपणीचे नाव काढून घेतलेले असते. पाळण्यापाशी बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगणारी आत्या ज्याने पाहिली आहे, त्याला हा विधी परका वाटणार नाही. खरे नाव एक आणि व्यवहाराचे नाव दुसरे, खरे नाव कोणाला सांगायचे नाही, ही कल्पनाही आपल्याला माहीत आहे. माझ्या आजीने आयुष्यभर आजोबांचे नाव घेतले नाही. घेतले ते फक्त उखाण्यात, चार लोकांनी आग्रह केल्यावर, ओवीत गुंडाळून. नावात काहीतरी असते आणि ते मोकळे सोडले तर इजा होते, हे तिला कोणा लेखकाने शिकवले नव्हते. म्हणून वेच हा मित्र आपले खरे नाव, एस्टारिओल, आपण होऊन गेडला सांगतो, तेव्हा तुमच्या घशात आवंढा आला असे तुम्ही लिहिता. तो यायलाच हवा होता. त्या जगात आपला जीव दुसऱ्याच्या हाती देण्याची रीतच ती आहे.

ले ग्विन यांच्या वडिलांचा व्यवसाय मानववंशशास्त्राचा होता आणि त्यांच्या घरी भाषा, विधी, नाती यांच्या गोष्टी रोजच्या होत्या. ते त्यांच्या प्रत्येक पानावर दिसते. अर्थसीच्या द्वीपसमूहाच्या रोजच्या बोलीत फेसाला 'सुकिएन' म्हणतात. 'सुक' म्हणजे पीस, 'इनिएन' म्हणजे समुद्र. समुद्राचे पीस म्हणजे फेस. पण हा शब्द म्हणून फेसावर जादू चालत नाही, कारण तो माणसांनी जोडून केलेला आहे. त्याचे खरे नाव 'एस्सा'. इतक्या छोट्या तपशिलातून भाषेचा इतिहास, काव्य आणि जादूचा नियम तिन्ही एकदम मिळतात, आणि शब्दसूचीची गरजच पडत नाही. जाता जाता एक सांगते. तुम्ही गेडला मनात गोरा पाहिला असेल, तर पुस्तक पुन्हा उघडा. लेखिकेने त्याला तांबूस-तपकिरी वर्णाचा आणि वेचला काळा लिहिले आहे. मुखपृष्ठांनी आणि २००४च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला गोरा केले, तेव्हा ले ग्विन यांनी त्याचा जाहीर निषेध केला होता.

माझ्या कसोटीची मर्यादा मी लपवत नाही. स्वप्नासारख्या लिहिलेल्या, परीकथेच्या जातीच्या काही अद्भुतकथा नात्यांचे स्तर मुद्दाम पुसून टाकतात. राजा, कोल्हा आणि नदी तिघेही एकमेकांना 'तू' म्हणतात आणि तेच योग्य असते. तसेच केवळ बोलण्यात चढउतार आणले म्हणजे जग उभे राहते, असेही नाही. मराठीतल्या पहिल्या अद्भुत कादंबऱ्या, म्हणजे १८६१ची 'मुक्तामाला' आणि १८६८ची 'मंजुघोषा', आदराच्या आणि आर्जवाच्या भाषेत कमी पडत नाहीत. पण संस्कृतप्रचुर अलंकरणाखाली बोलणारा माणूस झाकला जातो, आणि त्यामुळे आज त्या अभ्यासापुरत्या उरल्या. सर्वनाम हे लक्षण आहे. त्याच्यामागे माणसांना एकमेकांपासून काहीतरी हवे असले पाहिजे, किंवा कसली तरी भीती असली पाहिजे.

पुढे काय वाचावे, हेही तुम्ही विचारले आहे. नवी मालिका इतक्यात उघडू नका. अर्थसीचाच दुसरा भाग, १९७१चा 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन', आधी घ्या. त्यात टेनार नावाच्या लहान मुलीला घरातून उचलून एका थडग्यांच्या देवस्थानात आणतात. तिथे विधीपूर्वक तिचे नाव काढून घेतात आणि तिला आऱ्हा म्हणू लागतात. त्याचा अर्थ आहे, गिळली गेलेली. ती अंधाऱ्या भुयारांची पुजारीण होऊन वाढते आणि आपले पहिले नाव विसरते. आपल्याकडे लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहून घेतात आणि त्या संध्याकाळपासून बाई त्या नावाने हाक ऐकू लागते. माझ्या आजीचे माहेरचे नाव मला ती गेल्यानंतर एका जुन्या पत्रावरून कळले. हे पुस्तक मी तिसऱ्यांदा वाचले ते त्या आठवड्यात. त्या भुयारांच्या अंधारात गेड तिला तिच्या पहिल्या नावाने हाक मारतो, ते पान आले की थांबा आणि ते वाक्य मराठीत म्हणून पाहा. 'तू' घालावे की 'तुम्ही', याचा विचार तिथे करावा लागणार नाही.